अर्धे दृष्टिक्षेत्र गेलेल्या चालकाची धोका-ओळख तपासताना या चुका टाळा

पक्षाघातानंतर काही रुग्णांना दोन्ही डोळ्यांनी एकाच बाजूचे, म्हणजे फक्त डावीकडचे किंवा फक्त उजवीकडचे, दिसेनासे होते. या हेमियानोपियात मधली दृष्टी अनेकदा शाबूत राहते आणि रुग्ण तक्त्यावरची बारीक अक्षरेही वाचतो. तेवढ्यावरून त्याला गाडी चालवण्यास योग्य ठरवू नये. ब्रिटनमध्ये किमान 120 अंशांचे आडवे दृष्टिक्षेत्र आवश्यक मानतात. परंतु ती मोजणी नजर एका बिंदूवर रोखून होते, तर रस्त्यावर नजर सतत फिरत असते. म्हणूनच बोस्टनच्या शेपेन्स नेत्र संशोधन संस्थेतील अभ्यासांत चालकांना सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावरच्या रस्त्यावर गाडी चालवण्याच्या यंत्रावर, बसवून, पादचारी दिसताच हॉर्न वाजवायला सांगण्यात आले.

अशी चाचणी घेताना सर्वांत गंभीर चूक पडद्यावरच्या पादचाऱ्याच्या जागेबाबत होते. धोका कडेनेच येतो असे समजून पादचारी फार दूरच्या कोनात ठेवले जातात. गाडी ताशी 50 किलोमीटर वेगाने जात असेल आणि ताशी 5 किलोमीटर वेगाने रस्ता ओलांडणारा माणूस तिच्यावर आदळण्याच्या बेतात असेल, तर तो चालकाच्या समोरच्या दिशेपासून जेमतेम 6 अंशांवर असतो आणि दोघांचे वेग बदलत नाहीत तोवर त्याच कोनात राहतो. अंध बाजूचा असा माणूस आपोआप दिसत्या भागात सरकत नाही; चालकाने तिकडे नजर वळवली तरच तो दिसतो. त्यामुळे जवळच्या व दूरच्या अशा दोन्ही कोनांवर चालते पादचारी हवेत, आणि त्यांची बाजू चालकाला आधी कळता कामा नये.

दोन्ही बाजूंच्या निकालांची सरासरी कधीही काढू नये, कारण चांगली बाजू वाईट बाजूला झाकते. हॉर्न वाजवायला लागलेला वेळही नोंदवावा. ताशी 50 किलोमीटर वेगात एका सेकंदाच्या उशिरात गाडी सुमारे 14 मीटर पुढे जाते.

हॉर्न वारंवार विनाकारण वाजत असेल, तर सूचना पुन्हा समजावून सराव द्यावा. मळमळ होऊ लागल्यास चाचणी थांबवावी आणि त्या फेरीचा निकाल धरू नये.

पादचारी सुटला, तर चालकाची नजर कुठे-कुठे गेली याच्या नोंदीवरून कारण शोधावे. नजर तिकडे गेलीच नसेल किंवा पुरेशी लांब गेली नसेल, तर शोधक नजरेचा सराव देऊन पुन्हा तपासता येते. नजर पोहोचूनही प्रतिसाद आला नसेल, तर एका बाजूकडे लक्षच न जाण्याचा मेंदूचा दोष आहे का, याची स्वतंत्र तपासणी होईपर्यंत गाडी चालवण्याची शिफारस करू नये.