सिबिल मध्यम असताना क्रेडिट कार्ड काढताय? मग या चुका टाळा

हे लिहितोय ते सिबिल, म्हणजे आपण कर्ज-हप्ते कसे फेडतो त्यावरचा स्कोअर, साधारण 650 ते 740 च्या मधे लटकलेल्यांसाठी. 780 वाल्यांना बँका स्वतःहून फोन करतात, त्यांचं काही अडत नाही, आणि 550 वाल्यांनी आधी थकबाकी मिटवावी, कार्डाचं नंतर बघावं. घोळ होतो तो मधल्यांचा. त्यांना कार्ड मिळू शकतं पण कुठलंही मिळत नाही, आणि नेमकी हीच माणसं सगळ्यात जास्त घाई करतात. मी सांगलीत रिटर्न भरायची कामं करतो, त्यामुळं लोक पॅनकार्ड काढतानाच हा विषय पण काढतात, आणि दरवर्षी त्याच त्याच चुका बघून आता खरंच कंटाळा आलाय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एका बँकेनं नाही म्हटलं की लगेच दुसरीकडं, तिथून तिसरीकडं अर्ज टाकत सुटायचं.

कुपवाड एमआयडीसीतला एक सुपरवायझर पोरगा, पगार 28 हजार, खात्यात वेळेवर जमा होणारा, सिबिल 702. दिवाळीच्या सेलमधे मोबाईलवर कार्डाची सूट होती म्हणून त्यानं अर्ज केला, तो रिजेक्ट झाला. त्याच रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्यानं आणखी चार बँकांच्या लिंक भरल्या, दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर टेबल टाकून बसलेल्या माणसाकडं एक फॉर्म भरला आणि वर एका कर्ज देणाऱ्या ॲपवर पण पॅन टाकून ठेवला. महिन्याभरानं माझ्याकडं आला तेव्हा स्कोअर 671. म्हणाला, "साहेब, एक रुपया कर्ज घेतलेलं नाही ओ, तरी पडला कसा काय?" मी रिपोर्टचं शेवटचं पान उघडून त्याच्यापुढं ठेवलं. तिथं एन्क्वायरीचा तक्ता असतो, कुणी चौकशी केली, कुठल्या तारखेला, कशासाठी. एकाखाली एक सात ओळी, सगळ्या त्याच आठवड्यातल्या, आणि जवळपास सगळ्यांपुढं क्रेडिट कार्ड. आता बँकेत बसलेल्या माणसानं हे बघून काय समजायचं? हा पैशाला तंगलाय आणि दिसेल त्या दारात हात पसरतोय, एवढंच त्याला दिसणार.

आणि खरी गंमत पुढं आहे. मी त्याला पहिल्या बँकेकडनं कारण लेखी मागायला लावलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं कार्ड नाकारलं तर कारण कळवावं लागतं, पण मागतं कोण? उत्तर आलं की फॉर्मवर दिलेला पिनकोड त्यांच्या यादीत नाही. त्यानं आधारवरचा कवठेमहांकाळकडचा गावचा पत्ता टाकला होता, राहतो विश्रामबागला. म्हणजे पहिल्या रिजेक्शनचा सिबिलशी काडीचा संबंध नव्हता, पत्ता दुरुस्त केला असता तर विषय तिथंच संपला असता. त्याऐवजी चांगला चाललेला स्कोअर त्यानं स्वतःच्या हातानं खाली आणला.

म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे. रिजेक्ट झालं की आधी कारण मागायचं, मग सहा महिने कुठंही पॅन टाकायचा नाही, अगदी "फक्त एलिजिबिलिटी बघतो" म्हणून अनोळखी लिंकवर पण नाही. सहा महिने म्हटलं की पोरांची तोंडं उतरतात, पण याला दुसरी वाट मला तरी माहीत नाही. नंतर अर्ज एकाच ठिकाणी करायचा, जिथं पगार किंवा धंद्याचा पैसा जमा होतो त्या बँकेत, आणि तो पण तिच्या ॲपमधे आधी ऑफर दिसतेय का बघून. जी बँक तुमचं खातं रोज बघते ती 690 वाल्यालाही हो म्हणू शकते, जिला तुम्ही अनोळखी आहात ती कशाला म्हणेल?

दुसरी चूक, रिपोर्ट न वाचता नुसता आकडा बघायचा. अजून कित्येकांना वाटतं की आपणच आपलं सिबिल बघितलं की ते कमी होतं. होत नाही. अर्ज केल्यावर बँक बघते ती चौकशी वेगळी, आपण स्वतः बघतो ते वेगळं. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा हा रिपोर्ट बनवणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीनं वर्षातनं एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा नियम आहे. मी दर तीन महिन्यांनी एकीचा काढतो, वर्षभर नजर राहते आणि खिशातनं काही जात नाही.

वाचायचं कशासाठी ते सांगतो. तासगावकडचे एक गुरुजी, सरकारी पगार, आयुष्यात कुणाचा हप्ता चुकवला नाही. स्कोअर 660. त्यांचं एकच म्हणणं, "माझ्या नावावर कर्जच नाही, ही कंपनीची चूक आहे." रिपोर्ट काढला तर आत ट्रॅक्टरचं कर्ज, पुढं लिहिलेलं, जामीनदार. मेव्हण्याला ट्रॅक्टर घेताना सही दिली होती आणि विसरून गेले होते. मेव्हण्याचा हप्ता ऊस बिलावर, बिल लांबलं की हप्ता लांबला. रिपोर्टमधे प्रत्येक महिन्याचा एक चौकोन असतो, सगळं वेळेवर असेल तर 000, नाहीतर किती दिवस थकलं तो आकडा. गुरुजींच्या चौकोनांत 000, 000, मग 31, 61, 92 असं चढत गेलेलं. मेव्हण्यानं पुढं सगळं भरलं पण ते चौकोन काही लगेच पुसले जात नाहीत. पाहुण्यारावळ्यात सहीला नाही म्हणता येत नाही हे मला पण कळतं, आपल्याकडं त्यावरनं बोलणं बंद होतं. पण सही दिलीच असेल तर हप्त्याच्या महिन्यात हक्कानं विचारा, "दाजी, भरला का?" त्यात लाजायचं काही नाही, नाव आपलं पण लागलंय.

हीच गोष्ट सेटलमेंटची. वसुलीवाला फोन करून म्हणतो, 18 हजार बाकी आहे, 9 हजार भरा आणि मोकळे व्हा. लोक खुशीत भरतात. रिपोर्टवर ते खातं "सेटल्ड" म्हणून येतं, "क्लोज्ड" म्हणून नाही, आणि पुढची बँक त्याचा अर्थ घेते की या माणसानं पूर्ण पैसे दिले नाहीत. जमत असेल तर पूर्ण भरा, नो ड्यूजचं, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र घ्या, आणि महिन्याभरानं रिपोर्टमधे खातं बंद दिसतंय का बघा. मोबाईल किंवा फ्रिजच्या हप्त्यात हे फार होतं, बँक खातं बदललं, शेवटचा एक हप्ता बाउन्स झाला, कुणाच्या लक्षातच नाही, आणि दोन हजारासाठी नाव खराब.

खरंच चुकीची नोंद असेल तर ज्या कंपनीचा रिपोर्ट आहे तिच्या साइटवर तक्रार करायची, फुकट असते. 2024 पासनं नियम आहे, 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. "सिबिल वाढवून देतो" म्हणून पाच-दहा हजार घेणाऱ्यांच्या नादाला अजिबात लागू नका. खरी नोंद कुणीच पुसू शकत नाही आणि खोटी नोंद तुम्ही स्वतः काढू शकता, मग तो नेमके कसले पैसे घेतोय?

आता बारक्या चुका. व्यापारी लोक फॉर्ममधे उत्पन्नाच्या जागी वर्षाची उलाढाल टाकतात, रिटर्नशी जुळत नाही आणि अर्ज पडतो. पॅनवरचं आणि आधारवरचं नाव वेगळं असतं, ते आधी दुरुस्त करा. पतसंस्थेचं कर्ज वेळेवर फेडलं म्हणजे ते सिबिलला दिसतंच असं नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. कार्ड मिळवून देतो म्हणून आधी पैसे मागणारा चोर समजा. विमानतळावरच्या लाउंजसाठी महागडं कार्ड मागायचं आणि वर्षातनं एकदाही विमानात बसायचं नाही, यात मला काही शहाणपण दिसत नाही. 499 रुपये फीचं कार्ड 18 टक्के जीएसटी धरून 589 ला पडतं, तेवढी सूट वर्षात वसूल होणार असेल तरच घ्या, नाहीतर बिनफीचं बघा.

मधल्या स्कोअरवाल्याला मी जवळपास नेहमी एफडीवरचंच कार्ड सुचवतो, आणि जवळपास नेहमी समोरचा नाराज होतो. "माझेच पैसे ठेवून माझंच कार्ड?" असं म्हणतात. अहो पण एफडीवर व्याज चालूच राहतं, पगाराच्या कागदांची कटकट बहुतेक ठिकाणी नसते, आणि सिबिलला ते इतर कार्डासारखंच कळवलं जातं. बऱ्याच बँका वीस-पंचवीस हजाराच्या एफडीवर देतात, लिमिट एफडीच्या 75 टक्क्यांपासून पुढं मिळतं. फक्त ती एफडी कार्ड चालू असेपर्यंत मोडता येत नाही आणि बिल थकवलं तर बँक त्यातनं वळतं करून घेते, एवढं लक्षात ठेवा.

ते कार्ड वापरायचं कसं, तर 20 हजाराचं लिमिट असेल तर महिन्याला पाच-सहा हजारावर जायचं नाही. लाइट बिल, गाडीचं पेट्रोल, किराणा, बास. एखाद्या महिन्यात जास्त झालंच तर बिल तयार व्हायच्या आधीच थोडे भरून टाकायचे. एटीएममधनं त्या कार्डानं रोख काढायची नाही, पहिल्या दिवसापासनं व्याज लागतं.

आणि मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, तेवढीच भरून निवांत बसू नका. 30 हजाराच्या बिलावर मिनिमम 1,500 भरले तर 28,500 उरतात. महिन्याला साडेतीन टक्के धरले तरी हजाराच्या आसपास व्याज, वर त्याच्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे भरलेल्या 1,500 मधले जवळपास 1,200 तिथंच गेले, आणि शिवाय नवीन खरेदीला पण आता बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. खात्यातनं बिल आपोआप कापायचं ऑटो डेबिट लावताना "टोटल ड्यू", म्हणजे पूर्ण बिल, निवडा. बऱ्याच जणांचं "मिनिमम" वर लागलेलं असतं आणि त्यांना वर्षभर पत्ताच नसतो, तेव्हा आज ॲप उघडून एवढं एक बघून घ्या.