सिलिंडर जास्त दिवस पुरवायचा तर
महागाईत आधी किराण्याच्या यादीला कात्री लागते, गॅस तसाच जळत राहतो.

सिलिंडर घेतानाच वजन करून मागा, भीड धरू नका. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन वरच्या कड्याजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. काट्यावर दोन्हींची बेरीज यायला हवी. सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर टाका.

खरी बचत कुकरमध्ये आहे. छोले, राजमा रात्रभर भिजवा. तूरडाळीला अर्धा तास पुरतो. पहिली शिट्टी होताच गॅस बारीक करा. शिट्ट्या मोजण्याची सवय खर्चिक, कारण डाळ शिजते आतल्या दाबाने. शिट्टीतून जाते ती फुकटची वाफ. बारीक आचेवर आठ-दहा मिनिटं, मग बंद करून वाफ आपोआप जिरू द्या. घाईने शिट्टी उचललीत तर दाणा कच्चा राहतो आणि कुकर पुन्हा चढवावा लागतो. डाळ-भाताचे डबे एकावर एक लावा, वरच्यात बटाटे. झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसत असेल तर रिंग बदला.

ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसली, भांड्याला काजळी धरली, तर बहुधा उतू गेलेल्या दुधाने बर्नरची भोकं बुजलेली असतात. बर्नर थंड झाल्यावर काढा, टाचणीने भोकं मोकळी करा, गरम साबणपाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवूनच बसवा. ओला बसवला तर ज्योत फडफडते.

ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर गेली, की तेवढा गॅस ओटाच तापवतो.