गावाच्या पाणीटंचाईचे सर्वेक्षण : घरे कशी निवडावीत, आकडा कुठे बिघडतो

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तरीही एप्रिल सरता सरता सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळी पठारावरच्या, वाड्यांत टँकरची वाट पाहिली जाते, कारण जांभ्याच्या सच्छिद्र खडकात पाणी फार काळ टिकत नाही, ते उताराने खाडीकडे निघून जाते. अशा गावाच्या ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला की ज्याचा आवाज मोठा त्याची टंचाई मोठी ठरते. टंचाई कृती आराखड्यात आपल्या गावाची मागणी नीट मांडायची असेल, तर किती घरांना बाहेरून पाणी आणावे लागते हे आकड्यात सांगता आले पाहिजे. हे काम ग्रामपंचायत, बचत गटातील महिला किंवा महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी सहज करू शकतात. त्यासाठी सगळ्या घरांत जाण्याची गरज नसते, मात्र कोणत्या घरांत जायचे हे आपल्या सोयीने ठरवून चालत नाही. पुढील विवेचनासाठी ३०० घरांचे एक गाव कल्पिले आहे.

प्रश्न आणि घर, दोन्हींची व्याख्या

‘पाणी पुरते का?’ हा प्रश्न सर्वेक्षणाच्या कामाचा नाही. पुरणे म्हणजे काय, हे प्रत्येक जण आपल्या सवयीप्रमाणे ठरवतो. त्याऐवजी ‘मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात किती दिवस टँकरचे, विकतचे किंवा दुसऱ्या वाडीतले पाणी आणावे लागले?’ असे विचारले, तर उत्तर संख्येत येते आणि दोन घरांची उत्तरे एकमेकांशेजारी ठेवता येतात. हा प्रश्न जूनच्या पहिल्या आठवड्यात विचारावा. गणेशोत्सवात घरे माणसांनी भरलेली असतात, म्हणून अनेक मंडळे सर्वेक्षण तेव्हा उरकतात. परंतु त्या वेळी विहिरीही काठोकाठ भरलेल्या असतात आणि मे महिन्यातील हाल आठवणीत पुसट झालेले असतात. काहींच्या बाबतीत उलट घडते आणि आठवणीतले हाल वाढत जातात.

घर कशाला म्हणायचे, हे कोकणात विशेष काळजीने ठरवावे लागते. एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब, ही राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातही वापरली जाणारी कल्पना येथे उपयोगी पडते, कारण एका घरपट्टीच्या घरात दोन भावांच्या दोन चुली असणे ही नित्याची गोष्ट आहे. दुसरी अडचण बंद घरांची. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आणि २००१ च्या तुलनेत रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली होती. मुंबईकडे गेलेल्या चाकरमान्यांचा हा हिशेब आहे. वर्षभर कुलूप असलेले घर मे महिन्यात सुटीसाठी आणि आंब्यांसाठी उघडते, तीन माणसांच्या घरात दहा माणसे होतात, आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात विहीर तळ गाठते. तेव्हा ‘त्या पंधरा दिवसांत घरात किती माणसे होती?’ हा प्रश्न सर्वेक्षणाच्या अर्जात हवाच, आणि केवळ सुटीपुरती उघडणारी घरे मोजायची की वगळायची, याचा निर्णय घरोघर फिरायला निघण्यापूर्वी लेखी नोंदवावा. नंतर सोयीने घेतलेला निर्णय आकड्याला हव्या त्या दिशेने वळवतो.

यादीत कोण नाही?

ज्या यादीतून घरे निवडायची, त्या यादीत नसलेल्या घराला निवडले जाण्याची संधीच मिळत नाही. ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही, म्हणजे नमुना ८, ही बहुधा सर्वांत सोयीची यादी असते, पण तिच्यात घरे असतात, चुली नसतात. मतदार यादीत मुंबईत राहणारे पुष्कळ जण असतात आणि अठरा वर्षांखालील कोणीच नसते. रेशनकार्डांच्या यादीत वेगळे झालेले भाऊ अजून एकत्र असतात. तिन्ही याद्या समोर ठेवून वाडीप्रमुखांकडून एकदा वाचून घ्याव्यात आणि आपली स्वतंत्र यादी तयार करावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण माझ्या मते सर्वेक्षणाची निम्मी गुणवत्ता येथेच ठरते.

तरीही काही माणसे सुटतात. आंब्याच्या बागांत राखणीसाठी राहणारी नेपाळी कुटुंबे, बंदरावर बोटींवरच मुक्काम करणारे खलाशी, चिरेखाणीवरचे मजूर यांची नावे कोणत्याही वहीत सापडत नाहीत, आणि पाण्याची तंगी त्यांना सर्वांत आधी जाणवते. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी एका कुटुंबाकडून दुसऱ्याचा पत्ता घेत जाण्याची साखळी पद्धत वापरावी लागते. अशा रीतीने मिळालेली माहिती स्वतंत्र नोंदवावी. ती मुख्य नमुन्यात, म्हणजे यादीतून निवडलेल्या घरांत, मिसळून टक्केवारी काढू नये, कारण ओळखीच्या साखळीत कोण येईल याची शक्यता सांगता येत नाही.

ग्रामस्थांच्या व्हॉट्सॲप गटावर गूगल फॉर्म टाकण्याचा मोह मोठा असतो. दोन दिवसांत दोनशे उत्तरे जमतात, आणि ती पाहून काम झाले असे वाटते. वास्तविक त्या गटातील बरेच सदस्य डोंबिवली-विरारला राहतात, गावात राहणाऱ्या वयस्क स्त्रिया त्यात जवळपास नसतात, आणि ज्याला तक्रार आहे तोच फॉर्म भरतो. दोनशेऐवजी दोन हजार उत्तरे आली, तरी हा कल, म्हणजे संख्याशास्त्राच्या परिभाषेतील अभिनती, तसूभरही कमी होत नाही. योगायोगाने होणारी चूक नमुना वाढवला की घटते, कलामुळे होणारी चूक घटत नाही. ग्रामपंचायत कार्यालयाबाहेर किंवा एसटी थांब्यावर उभे राहून भेटेल त्याला विचारणे, हाही याच जातीचा प्रकार आहे.

घरे निवडताना

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका भांड्यातला भात सारखाच शिजलेला असतो. गावात वरचीवाडी कोरडी आणि मधलीवाडी ओली असते. म्हणून गावाचे आधी थर पाडावेत आणि प्रत्येक थरातून चिठ्ठ्या टाकून घरे काढावीत. यालाच स्तरित यादृच्छिक निवड म्हणतात. चिठ्ठ्या शक्यतो ग्रामसभेत सर्वांसमक्ष काढाव्यात, म्हणजे ‘आमच्या वाडीला का विचारले नाही’ हा वाद उरत नाही. यादी लांब असेल तर क्रमबद्ध निवडही चालते: ३०० घरांतून ३० हवी असल्यास १ ते १० मधून एक आकडा चिठ्ठीने काढावा, तो ७ निघाला तर ७, १७, २७ अशी घरे घ्यावीत. मात्र यादीलाच लय असेल, उदाहरणार्थ दर दहावे घर पाणवठ्याजवळचे असेल, तर ही पद्धत फसते.

किती घरे घ्यावीत, याचा ढोबळ नियम असा की, १ या संख्येला नमुन्यातील घरांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागले की चूक किती होऊ शकते याची मर्यादा मिळते आणि खरा आकडा शंभरातील सुमारे ९५ वेळा तिच्या आत राहतो. १०० घरांना ती १० टक्के येते, ४०० घरांना ५ टक्के. म्हणजे चूक निम्मी करायची तर कष्ट चौपट. लहान गावात थोडी सवलत मिळते. एकूण घरे ३०० असतील, तर १० टक्क्यांच्या मर्यादेसाठी ७५ घरे पुरतात, ५ टक्क्यांसाठी सुमारे १७१ लागतात. ७५ घरे काळजीपूर्वक करावीत, असे मी सुचवेन.

ही ७५ घरे वाड्यांत कशी वाटायची, हे बारकाईने पाहू. समजा मधलीवाडीत १२० घरे आहेत, बंदरवाडीत ९०, वरचीवाडीत ६० आणि बौद्धवाडीत ३०. घरांच्या प्रमाणात वाटप केले, तर बौद्धवाडीला सात-आठ घरे येतात, आणि तेवढ्यावरून त्या वाडीबद्दल स्वतंत्रपणे काही बोलता येत नाही. म्हणून तेथून मुद्दाम १५ घरे घेतली, वरचीवाडीतून १५, बंदरवाडीतून २० आणि मधलीवाडीतून २५. बाहेरून पाणी आणणारी घरे अनुक्रमे १२, १२, ८ आणि ५ निघाली. सरळ बेरीज केली तर ७५ पैकी ३७, म्हणजे ४९ टक्के येतात, आणि हा आकडा चुकीचा आहे, कारण कोरड्या बौद्धवाडीतील घरे आपणच प्रमाणापेक्षा जादा घेतली होती. प्रत्येक वाडीचे प्रमाण तिच्या एकूण घरांना लावावे: बौद्धवाडीत ३० च्या ८० टक्के म्हणजे २४, वरचीवाडीत ६० च्या ८० टक्के म्हणजे ४८, बंदरवाडीत ९० च्या ४० टक्के म्हणजे ३६, मधलीवाडीत १२० च्या २० टक्के म्हणजे २४. एकूण १३२ घरे, म्हणजे ४४ टक्के. या क्रियेला भार देणे म्हणतात, आणि ती विसरली जाते म्हणूनच इतक्या विस्ताराने सांगितली.

याच किनाऱ्यावर हे तत्त्व फार मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. मासळीची आवक मोजण्यासाठी प्रत्येक बोटीवर माणूस ठेवणे अशक्य असल्याने केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था किनाऱ्याचे आणि काळाचे थर पाडून काही बंदरे व काही दिवस निवडते, आणि त्या दिवशी लागलेल्या बोटींपैकी काहींची मासळी पाहते. निरीक्षक दुपारी १२ ते ६ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते १२ बंदरावर असतो, मधल्या रात्री उतरलेल्या मासळीची चौकशी सकाळी करून घेतो. केवळ दिवसाची पाहणी करून थांबले असते, तर रात्री लागणाऱ्या बोटी हिशेबातून कायमच्या गळल्या असत्या.

दारात गेल्यावर

प्रश्न कोणी विचारला, यावर उत्तर अवलंबून असते. सरपंचांचा पुतण्या वही घेऊन आला तर काही जण टंचाई लपवतात, आणि नळयोजनेची नावे घ्यायला आले आहेत असा समज झाला तर बाकीचे ती फुगवतात. म्हणून एका वाडीतील मुलींनी दुसऱ्या वाडीत जावे, आणि ‘या उत्तरावर कोणाला काही मिळणार नाही किंवा कोणाचे काही जाणार नाही’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे. उत्तर शक्यतो पाणी भरणाऱ्या व्यक्तीकडून घ्यावे. ओटीवर बसलेले आजोबा ‘आमच्याकडे काही कमी नाही हो’ म्हणतात, आणि पडवीत हंडा उतरवणारी सून पहाटे चार वाजता उठून दोन फेऱ्या करून आलेली असते. ‘काकी, कालचा हंडा कुठून आणलात?’ असे विचारले की तिच्याकडून नेमके उत्तर मिळते. ‘टँकर वेळेवर येत नाही ना?’ असा उत्तर सुचवणारा प्रश्न मात्र कधीही करू नये.

निवडलेल्या घराला कुलूप असेल तर शेजारच्या घरात शिरू नये. शेजारी घरी सापडतो यालाच काही कारण असते: तो मासेमारीला किंवा बागेत जात नसेल, त्याच्याकडे बोअरवेल असेल. सकाळी, संध्याकाळी आणि रविवारी अशा किमान तीन फेऱ्या त्याच घरी माराव्यात, आणि तरीही कोणी भेटले नाही तर ‘भेट झाली नाही’ अशी नोंद करावी. अर्जात ‘नाही’, ‘सांगता येत नाही’ आणि ‘विचारले नाही’ यांना तीन वेगळे आकडे द्यावेत. कोरी जागा शून्य म्हणून बेरजेत गेली की चूक शोधणे कठीण होते. हा अर्ज आधी नमुन्याबाहेरच्या चार-पाच घरांत वापरून पाहिला, तर न समजणारे प्रश्न तेथेच उघडे पडतात.

उत्तराच्या जोडीला विहिरीचे माप घ्यावे. कठड्यावर रंगाने एक खूण करून, दोरीला वजन बांधून, त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे, तेही पहाटे पंप सुरू होण्यापूर्वी, कारण उपसा झालेली विहीर तासाभरात वेगळी पातळी दाखवते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेते. आपल्या परिसरातील अशा विहिरीच्या नोंदी मिळाल्या तर तुलनेला आधार होतो. मोजणारा मात्र सगळीकडे एकाच रीतीने मोजतो ना, हे पाहावे. शेतातला ठरावीक तुकडा कापून उत्पादन मोजण्याच्या पीककापणी प्रयोगांच्या काळात संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी दाखवून दिले होते की, फार लहान तुकडा आखला तर हद्दीवरची रोपे आत घेण्याकडे कापणाऱ्याचा हात वळतो आणि उत्पादन फुगून येते. त्यात कोणाची लबाडी नव्हती, आणि विहिरीच्या दोरीवरही नेमके हेच घडू शकते.

अहवालात निवडलेली घरे आणि प्रत्यक्ष उत्तर दिलेली घरे, दोन्ही संख्या द्याव्यात. सोपेपणासाठी समजा सर्व वाड्यांतून घरांच्या प्रमाणातच ७५ घरे निवडली होती, त्यांपैकी ६० भेटली आणि त्यांतील २७ घरे बाहेरून पाणी आणतात. मग ४५ टक्के हा आकडा लिहावा, आणि त्याखाली हेही लिहावे की न भेटलेल्या पंधराही घरांत टंचाई नसेल तर प्रमाण ३६ टक्के आणि पंधराही घरांत असेल तर ५६ टक्के होते. पंचायत समितीत कोणी शंका काढली, तर ही ओळ दाखवता येते. कुटुंबांची नावे उत्तरांपासून वेगळी करून ठेवावीत, पण निवडलेल्या घरांची यादी आणि कठड्यावरच्या खुणा जपाव्यात, कारण पुढच्या जूनमध्ये फरक मोजायचा असेल तर त्याच घरांत, त्याच प्रश्नांसह जावे लागेल, आणि मधल्या वर्षात वेगळ्या झालेल्या नव्या चुली यादीत आधी चढवून घ्याव्या लागतील.