पवनऊर्जा प्रकल्पाकडून ग्रिडला खरोखर किती वीज मिळेल, याचा हिशेब कसा करावा

मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पाच्या माहितीत बहुधा सर्वांत ठळक आकडा मेगावॅटचा असतो. हा आकडा खोटा नसतो, मात्र त्यावरून वर्षभरात किती वीज मिळेल हे कळत नाही; सगळ्या पवनचक्क्या एकाच वेळी पूर्ण जोराने चालल्या तर त्या क्षणी किती वीज निर्माण होईल, एवढेच त्यावरून समजते. म्हणून हिशेबाची सुरुवात मेगावॅटचे युनिटांत रूपांतर करून करावी. एक मेगावॅट क्षमतेचे यंत्र पूर्ण भाराने तासभर चालले की 1,000 युनिट वीज तयार होते आणि वर्षाचे तास 8,760 असतात. त्यामुळे 100 मेगावॅटच्या प्रकल्पाची वार्षिक कमाल मर्यादा 87.6 कोटी युनिट ठरते. प्रत्यक्षात कोणताही प्रकल्प या मर्यादेच्या जवळपासही जात नाही.

त्यानंतर या संख्येला क्षमता वापर गुणांकाने, म्हणजे कमाल मर्यादेपैकी प्रत्यक्षात मिळणाऱ्या विजेच्या टक्केवारीने, गुणावे. जमिनीवरील प्रकल्पांत हा गुणांक साधारणपणे 25 ते 40 टक्के असतो, तर समुद्रातील चांगल्या जागी तो 40 ते 50 टक्क्यांपर्यंत जातो. 35 टक्के धरल्यास वरील प्रकल्पाची वार्षिक वीज 30.66 कोटी युनिट येते. येथे एक गोष्ट आवर्जून विचारावी: हा गुणांक पवनचक्कीपाशी मोजलेला आहे की ग्रिडला वीज दिली जाते त्या उपकेंद्रातील मीटरवर? मीटरवरचा असेल, तर पुढे सांगितलेली घट त्यातून पुन्हा वजा करू नये. ही चूक जाणकारांकडूनही होते.

गुणांक दिलेलाच नसेल, तर वाऱ्याच्या नोंदींकडे वळावे लागते, आणि हिशेबाचा सर्वांत फसवा भाग हाच आहे. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. त्यामुळे केवळ वार्षिक सरासरी वेग पाहून अंदाज बांधू नये. समजा, एका जागी वारा सतत सेकंदाला 6 मीटर वेगाने वाहतो आणि दुसऱ्या जागी तो निम्मा वेळ 3 व निम्मा वेळ 9 मीटर वेगाने वाहतो. दोन्हीकडे सरासरी 6 मीटरच आहे. परंतु पहिल्या जागी वेगाचा घन 216 येतो, तर दुसऱ्या जागी घनांची सरासरी 378 येते, म्हणजे दुसऱ्या जागेच्या वाऱ्यात पावणेदोन पट शक्ती असते. म्हणून कोणता वेग वर्षातून किती तास टिकतो याचा तक्ता मागवावा आणि प्रत्येक वेगासाठी निर्मात्याच्या शक्ती-वक्रावरून (कोणत्या वेगाला यंत्र किती वीज देते हे दाखवणाऱ्या आलेखावरून) निर्मिती काढून तिची बेरीज करावी. बहुतेक पवनचक्क्या सेकंदाला 3 ते 4 मीटर वेगाला वीज देऊ लागतात, 12 ते 15 मीटरच्या आसपास पूर्ण क्षमता गाठतात, त्यापुढे वेग वाढला तरी निर्मिती वाढत नाही, आणि 25 मीटरच्या सुमारास यंत्र स्वतःच्या सुरक्षिततेसाठी थांबते. वेगाची नोंद मनोऱ्याच्या उंचीवरची आहे ना, हेही तपासावे, कारण जमिनीलगत वारा मंदावलेला असतो. वाऱ्यातील 59.3 टक्क्यांहून अधिक शक्ती पात्यांनी काढल्याचा दावा कोणी केला, तर तो तिथेच बाजूला ठेवावा. ही सैद्धांतिक मर्यादा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांच्या नावाने ओळखली जाते.

आता घटींचा विचार करू. पुढच्या पवनचक्कीमागे वारा मंद आणि खळबळता होतो, त्यामुळे मागच्या यंत्राला कमी वारा मिळतो. यंत्रांमध्ये पात्यांच्या घेराच्या व्यासाच्या कित्येक पट अंतर सोडूनही ही घट पूर्णपणे टळत नाही. देखभालीसाठीचे थांबे आणि केबल व रोहित्रांतील हानी यांचीही त्यात भर पडते. या घटी एकमेकींत मिळवू नयेत, तर शिल्लक भागांचा गुणाकार करावा: 10, 4 आणि 3 टक्के घट असल्यास 0.90 × 0.96 × 0.97, म्हणजे सुमारे 84 टक्के वीज उरते.

एवढी वीज तयार झाली तरी ती ग्रिडने घेतली पाहिजे. बाहेर जाणाऱ्या पारेषण वाहिनीची क्षमता अपुरी असेल, किंवा वारा जोराचा असताना मागणीच कमी असेल, तर ग्रिड चालवणारे केंद्र निर्मिती कमी करण्यास सांगते आणि वारा असूनही पाती वळवून ठेवावी लागतात. म्हणून वाहिनीची क्षमता आणि त्याच वाहिनीवर जोडलेले इतर प्रकल्प यांची माहिती मेगावॅटच्या आकड्याइतक्याच काळजीने पाहावी.

उरलेल्या युनिटांना एका घराच्या वार्षिक वापराने भागले की घरांची संख्या मिळते; वरचा 35 टक्के गुणांक मीटरवरचा मानून 30.66 कोटी युनिट आणि घरटी वर्षाला 3,000 युनिट धरल्यास ती सुमारे एक लाख येते. ही तुलना केवळ वार्षिक बेरजेची आहे, आणि वारा पडलेल्या संध्याकाळी त्याच घरांचे दिवे ग्रिडवरील इतर केंद्रांच्या किंवा साठवलेल्या विजेवर चालतात.