अमेरिकेतल्या पोलाद कारखान्यात नोकरी धरताना

मेटलर्जीत एमएस करून इथल्या पोलाद उद्योगात शिरणारी आपली मुलं फोनवर हमखास विचारतात, ‘दादा, कंपनी टिकेल ना?’ मी उलटं विचारतो, कारखाना कुठला?

इंडियानातला, मिशिगन सरोवराच्या काठचा बर्न्स हार्बर घ्या. बांधला बेथलेहेम स्टीलने. 2001 साली बेथलेहेमचं दिवाळं वाजलं. मग मालक होत गेले: 2003 मध्ये गुंतवणूकदार विल्बर रॉस यांची आयएसजी कंपनी, 2005 मध्ये मित्तल, पुढे आर्सेलरमित्तल आणि 2020 च्या डिसेंबरात क्लीव्हलँड-क्लिफ्स. फाटकावरची पाटी बदलत गेली, भट्ट्या चालूच राहिल्या. बेथलेहेमचाच बाल्टिमोरजवळचा स्पॅरोज पॉइंट मात्र हात बदलत बदलत 2012 मध्ये बंद पडला. त्यामुळे मुलाखतीला जाण्याआधी कंपनीच्या शेअरपेक्षा भट्टी कुठल्या जातीची, माल कोण उचलतं आणि मोठी दुरुस्ती शेवटची कधी झाली, हे शोधा.

वरच्या खुर्च्यांचंही बघा. केन आयव्हरसन यांनी चालवलेल्या न्यूकोर या पोलाद कंपनीत घडलेली माणसं पुढे सगळीकडे पसरली. कीथ बुसी आणि मार्क मिलेट यांनी तिथून बाहेर पडून 1993 मध्ये स्टील डायनॅमिक्स काढली. आयएसजी चालवायला रॉस यांनी आणलेले रॉडनी मॉटही न्यूकोरचेच. क्लिफ्सचे प्रमुख लॉरेन्सो गोन्साल्व्हिस मूळचे ब्राझीलचे धातुशास्त्रज्ञ. यूएस स्टीलचे प्रमुख डेव्हिड बरिट मात्र यंत्रं बनवणाऱ्या कॅटरपिलरच्या हिशेबखात्यातून आलेले. यूएस स्टील विकत घेण्याचा जपानच्या निप्पॉन स्टीलचा सौदा 2023 च्या डिसेंबरात जाहीर झाला, बायडन यांनी तो अडवला, ट्रम्प यांनी सरकारसाठी ‘गोल्डन शेअर’ (मोठ्या निर्णयांवर नकाराधिकार) राखून 2025 च्या जूनमध्ये तो होऊ दिला. दीड वर्षं चाललेल्या त्या रस्सीखेचीत धातूपेक्षा वॉशिंग्टनमधली उठबस जास्त कामाला आली, असं माझं मत. तरी नवख्याने सुरुवात शॉपफ्लोअरवरच करावी. रात्रपाळीत कास्टरवर, म्हणजे द्रव पोलाद ओतून घट्ट करणाऱ्या यंत्रावर, वरची साल फुटून द्रव पोलाद बाहेर आलं की काय करायचं, हे जाणणारा माणूस कुठल्याही मालकाला लागतो.

आता कागदपत्रं. बऱ्याच जुन्या कारखान्यांत कामगारांच्या मागे युनायटेड स्टीलवर्कर्स या संघटनेचा करार असतो. पगारी इंजिनिअरला तसलं काही नाही, त्याला आपलं आपण वाचावं लागतं. ऑफर लेटरसोबत शेअर मिळणार असतील तर मालकी बदलल्यावर त्यांचं काय होतं, ते कलम बघा. बऱ्याच ठिकाणी दोन अटी असतात: कंपनी विकली गेली पाहिजे आणि तुमची नोकरीही गेली पाहिजे, तेव्हाच उरलेले शेअर एकदम पदरात पडतात. 401-के या निवृत्ती खात्यात तुम्ही स्वतःच्या पगारातून भरलेली रक्कम तुमचीच. जुन्या पेन्शनवर किंवा निवृत्तांच्या सवलतींवर विसंबू नका. बेथलेहेमच्या निवृत्तांचा आरोग्यविमा 2003 मध्ये बंद झाला होता.

मालकी बदलली म्हणून एच-1बी व्हिसावाल्यांनी घाबरून जाऊ नये. नव्या मालकाने जुन्याच्या जबाबदाऱ्या लेखी स्वीकारल्या आणि काम तेच राहिलं, तर बहुधा नवा अर्ज लागत नाही. ग्रीन कार्डची फाइल अर्धवट असेल तर मात्र सौद्याची बातमी आली त्याच आठवड्यात एचआरला आणि स्वतःच्या वकिलाला, दोघांनाही लेखी विचारा. कंपनीचा वकील कंपनीचा असतो.