पाणी दुधाळ नको, धाग्यांसारखं हवं होतं

धबधब्याचे माझे पहिले फोटो म्हणजे नुसता पांढरा पट्टा. सावलीतला धबधबा, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश येण्याचं छिद्र) एफ/११. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर शटर १/१५ सेकंद उघडं ठेवायला सांगत होता आणि मी हट्टाने १ सेकंद ठेवलं. पाणी जळालंच, म्हणजे जास्त उजेडाने नुसतं पांढरं झालं. मग अ‍ॅपर्चर एफ/२२ पर्यंत लहान केलं. उजेड थोडा कमी झाला, पण डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्यामुळे) खडकांचा रेखीवपणा गेला.

६ स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची गडद काच, आणला; दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो. तो प्रकाश ६४ पटींनी कमी करतो, म्हणजे १/१५ चे साधारण ४ सेकंद. झालं, पाण्याचा कापूस! काहींना तो आवडतो. मला त्यात पाण्याचा जोरच दिसेना. शेवटी ३ स्टॉपचा लावला, एफ/११ लाच अर्धा सेकंद मिळाला आणि पाण्याचे धागे सुटे दिसू लागले. जवळून जोरात कोसळणाऱ्या धारेला मात्र १/८ सुद्धा पुरतो.

ट्रायपॉड, २ सेकंदांचा टायमर हे आलंच. वाऱ्याने पानं हलली, तर त्यांच्यासाठी आयएसओ वाढवून वेगळा फोटो घेतो आणि नंतर दोन्ही जोडतो. ओल्या दगडांवरची चमक पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) फिरवून घालवली. एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं.