नर्सिंग होम प्रशासकांच्या परवाना मंडळावर काम कसं करावं (व्हर्जिनियाचं उदाहरण घेऊन)

आधी शब्दाचा घोळ मिटवू. पुण्या-नाशकात ‘नर्सिंग होम’ म्हटलं की डॉक्टरांचं दहा-वीस खाटांचं खाजगी रुग्णालय डोळ्यांसमोर येतं. अमेरिकेत म्हातारी, आजारी माणसं जिथे महिनोन्‌महिने, कधी अखेरपर्यंत राहतात, त्या जागेला नर्सिंग होम म्हणतात. तिथला कारभार पाहणाऱ्या प्रशासकाकडे राज्याचा परवाना लागतो. १९६७ साली सोशल सिक्युरिटी कायद्यात दुरुस्ती झाली आणि राज्यांना हे बंधनकारक झालं. परवाना देणं आणि वेळ आली तर तो काढून घेणं हे ज्या मंडळाचं काम, त्याच्यावर सामान्य माणसालाही बसता येतं. उत्तर व्हर्जिनियात मराठी घरं बरीच आहेत, म्हणून उदाहरण तिथलंच घेतो.

जागा कोणती ते आधी ठरवा. व्हर्जिनियाचं ‘बोर्ड ऑफ लाँग-टर्म केअर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ नऊ जणांचं आहे. तिघे नर्सिंग होमचे प्रशासक, तिघे ‘असिस्टेड लिव्हिंग’चे (रोजच्या कामांत मदत लागणारी माणसं राहतात अशा निवासांचे), दोघे वृद्धांच्या उपचार-शुश्रूषेशी संबंधित व्यवसायांतले. नववी जागा अशा संस्थेत राहणाऱ्याची किंवा त्याच्या नातेवाइकाची अथवा कायदेशीर पालकाची. तुमची आई किंवा सासरे अशा ठिकाणी असतील तर ही नववी जागा तुमची. आपल्याला यातलं काय कळतं, असं म्हणून लोक मागे सरतात. माझ्या मते मंडळावर सगळ्यात जास्त गरज त्याच माणसाची असते, कारण संध्याकाळी सहा वाजता बेल वाजवल्यावर कोणी यायला किती वेळ लागतो, हे त्याने खुर्चीत बसून पाहिलेलं असतं. केंद्राचा नियमही सांगतो की एकाच व्यवसायाचं किंवा एकाच प्रकारच्या संस्थांचं मंडळावर बहुमत नको, आणि संस्थांचे प्रतिनिधी नसलेल्या सदस्यांचा नर्सिंग होममध्ये थेट आर्थिक हितसंबंध नको.

अर्ज करा. नेमणूक गव्हर्नर करतात. अर्ज अशा नेमणुकांचं काम पाहणाऱ्या ‘सेक्रेटरी ऑफ द कॉमनवेल्थ’ या राज्याच्या कार्यालयाकडे ऑनलाइन जातो. मुदत चार वर्षांची, सलग दोन पूर्ण मुदतींपेक्षा जास्त नाही. मानधन दिवसाला ५० डॉलर आणि प्रवासखर्च, त्यामुळे पैशांचा हिशेब मनातून काढूनच टाका. बैठका रिचमंडजवळ हेन्रायकोला होतात. उत्तरेतल्या फेअरफॅक्सहून निघणाऱ्याने आय-९५ महामार्गाची गर्दी गृहीत धरून पहाटेच घर सोडावं. अर्ज करण्याआधी एखादी खुली बैठक मागे बसून पाहा. मिनिटभर बोलण्यासाठी दोन तास ऐकायची तयारी आहे का, ते तिथेच कळतं.

तोंड आवरायला शिका. व्हर्जिनियाच्या माहिती-अधिकार कायद्यानुसार तीन सदस्य एकत्र येऊन मंडळाच्या कामाबद्दल बोलले, की ती ‘बैठक’ ठरते आणि तिची आगाऊ सूचना द्यावी लागते. चहाच्या टेबलावर दोघे बोलत असताना तिसरा सदस्य खुर्ची ओढून बसला तर विषय बदला. आपल्याला चावडीवरच्या गप्पांची सवय, त्यामुळे हे जड जातं. ज्याच्यावर तक्रार आहे त्याचा फोन आला तर ऐकूनही घेऊ नका. ‘मला बोलता येणार नाही’ एवढंच सांगून ठेवा आणि मंडळाच्या कर्मचाऱ्यांना कळवा.

फाइल वाचायची कशी, हा खरा कस. बरीच प्रकरणं नातेवाइकांच्या तक्रारींतून येतात. काही दुसऱ्या वाटेने येतात: तपासणीत ‘निकृष्ट दर्जाची शुश्रूषा’ आढळली तर तपासणी यंत्रणेने प्रशासकांच्या परवाना मंडळाला कळवायचं असतं, असा केंद्राचा नियम आहे. फाइलमध्ये मग ‘सीएमएस-२५६७’ हा तपासणी-अहवालाचा फॉर्म असतो. डाव्या बाजूला तपासनिसाला काय आढळलं, उजव्या बाजूला संस्था काय सुधारणार. प्रत्येक त्रुटीला ‘एफ’ने सुरू होणारा क्रमांक आणि ती किती गंभीर ते सांगणारं ‘ए’पासून ‘एल’पर्यंत एक अक्षर. ‘जे’, ‘के’, ‘एल’ म्हणजे जिवाला तातडीचा धोका.

समजा ‘एफ ६८९, जे’ (एफ ६८९ म्हणजे अपघात टाळण्यात आणि देखरेखीत कसूर) असं लिहिलंय: स्मृतिभ्रंश झालेल्या आजी जानेवारीच्या रात्री मागच्या दाराने बाहेर गेल्या आणि चाळीस मिनिटांनी पार्किंगमध्ये सापडल्या. वाचून राग येतो, आणि त्याच रागात पहिली चूक होते. संस्थेवर दंड, निधी रोखणं ही कामं दुसऱ्या यंत्रणेची आहेत. तुमच्यापुढे एका माणसाचा परवाना आहे. म्हणून प्रश्न वेगळे पडतात. दाराचा गजर किती दिवस बंद होता? तो बंद आहे हे प्रशासकाला कोणी, कधी सांगितलं? दुरुस्तीची मागणी वर गेली होती का, की मालकाने अडवली? प्रशासक रुजू होऊन तीन आठवडे झाले होते की तीन वर्षं? घटनेनंतर नोंदवही कोणी ‘नीट’ केली का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बिघडलेलं दार दुर्लक्ष असू शकतं, पण बदललेली नोंद मुद्दाम केलेली असते. तारखा हाताने एका कागदावर क्रमाने उतरवून काढा. अर्धं प्रकरण तिथेच उलगडतं.

सुनावणी. तपासाचं काम मंडळ ज्या खात्याखाली येतं त्या खात्याचे अधिकारी करतात. तुम्ही स्वतः त्या संस्थेत चक्कर मारून यायचं नाही. आधी किमान दोन सदस्यांची समिती अनौपचारिक सुनावणी घेते. त्यात तोडगा निघाला नाही तर औपचारिक सुनावणी, आणि अनौपचारिक सुनावणीत बसलेला सदस्य त्याच प्रकरणाच्या औपचारिक सुनावणीत बसत नाही. प्रश्न छोटे विचारा. ‘तुम्हाला लाज नाही वाटली?’ हा प्रश्नच नव्हे. ‘त्या रात्री तुम्हाला पहिला फोन किती वाजता आला?’ हा प्रश्न. निर्णय नोंदीवर आलेल्या पुराव्यावरच करायचा, शेजारणीने त्या संस्थेबद्दल काय सांगितलं त्यावर नाही. समज, दंड, अटी, निलंबन, परवाना रद्द करणं अशा पायऱ्या आहेत. कारणं लेखी देता येतील तीच पायरी निवडा.

परवान्याच्या नव्या अर्जांकडे दुर्लक्ष नको. शिस्तभंगाच्या प्रकरणांपुढे हे काम रटाळ वाटतं. उमेदवाराला राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. प्रशिक्षणाच्या वाटेने येणाऱ्याला अनुभवी प्रशासकाच्या हाताखाली साधारण २,००० तास काढावे लागतात, पूर्वीच्या शिक्षण-अनुभवानुसार ते कमी होऊ शकतात. इथे धंद्यातल्या सदस्यांचा कल कधीकधी दार अरुंद करण्याकडे असतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या दंतवैद्यक मंडळाने दात पांढरे करून देणाऱ्या बिगर-दंतवैद्यांना रोखलं, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की धंद्यातल्याच लोकांच्या ताब्यातल्या मंडळावर राज्याची खरी देखरेख नसेल तर त्याला स्पर्धा कायद्यापासून संरक्षण मिळत नाही. एखादी नवी अट सुचवली गेली की विचारा: यामुळे आजींची काळजी जास्त चांगली घेतली जाईल, की फक्त उमेदवार कमी होतील?

आणि एखाद्या प्रकरणात तुमची आई जिथे राहते तीच संस्था निघाली, तर फाइल उघडण्याआधीच कर्मचाऱ्यांना सांगा, सुनावणीच्या खोलीतून बाहेर जा आणि तसं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.